रेल्वेची पार्सल तिकिटे: संग्रह कसा सुरू करावा, कसा जपावा

टपाल तिकिटे जमवणाऱ्यांच्या अल्बममध्ये रेल्वे इंजिनांची चित्रे हमखास असतात. रेल्वेने स्वतः छापलेली तिकिटे मात्र क्वचितच दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियम, ब्रिटन, डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींमधल्या रेल्वेंनी पार्सलाच्या भाड्यासाठी आपापली तिकिटे काढली. त्यांना दातेरी कडा होत्या, मागे डिंक होता आणि पुढे किंमत छापलेली होती, त्यामुळे ती अगदी टपाल तिकिटासारखी दिसत. टपाल खात्याचा मात्र त्यांच्याशी काही संबंध नव्हता. स्टेशनवरचा कारकून पार्सलाचे वजन करी, अंतर पाहून भाडे सांगी, पैसे घेई आणि तेवढ्या किमतीची तिकिटे चिकटवून त्यांवर स्टेशनचा शिक्का मारी. भाडे भरल्याची खूण म्हणजे हे तिकीट, आणि दिवसअखेर हिशेब जुळवण्याचे साधनही तेच.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याला एकच गोष्ट आधी सांगावीशी वाटते. नुसत्या तिकिटाच्या मागे लागू नका. त्यावरचा स्टेशनचा शिक्का वाचा आणि जमेल तेव्हा तिकीट ज्या कागदावर चिकटले होते तो कागदही मिळवा. ते पार्सल कुठून कुठे, कधी आणि किती भाड्यात गेले हे तोच सांगतो.

आधी ओळख पटवा

विक्रेत्यांच्या पेटीत ‘पार्सल’ या एका शब्दाखाली बऱ्याच गोष्टी एकत्र पडलेल्या असतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९१२-१३ मध्ये पार्सलासाठी खास तिकिटांचा संच काढला, त्यातल्या २० सेंटच्या तिकिटावर विमान आहे. तो देखणा असला तरी टपालाचाच आहे. इटलीची पार्सल तिकिटे दोन भागांची असत, एक भाग पार्सलाच्या फॉर्मवर आणि दुसरा पावतीवर. तीही टपाल खात्याचीच. रेल्वेच्या टपाल डब्यात मारलेले शिक्के हा वेगळा विषय आहे, आणि रेल्वेचे चित्र असलेली स्मारक तिकिटे हा आणखी वेगळा.

तिकीट हातात आले की पहिला प्रश्न विचारा: हे काढले कोणी? त्यावर रेल्वे कंपनीचे नाव, किंवा बेल्जियमच्या बाबतीत ‘शमँ द फेर’ वा ‘स्पोरवेगन’ ही फ्रेंच आणि डच भाषांतली ‘रेल्वे’ अशी अक्षरे असली, तर ते आपल्या विषयाचे. दुसरा प्रश्न शिक्क्याचा: तो स्टेशनचा आहे की टपाल कचेरीचा? या दोन प्रश्नांनी निम्मी छाननी होऊन जाते.

क्षेत्र लहान ठेवा

सगळ्या देशांची रेल्वे तिकिटे जमवायला निघालात तर वर्षभरात पसारा होईल आणि संग्रह काही होणार नाही. नवशिक्याने बेल्जियम किंवा ब्रिटन यांपैकी एक निवडावा. दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

बेल्जियममध्ये ५ मे १८३५ रोजी ब्रुसेल्स ते मेखेलेन ही गाडी धावली. रेल्वे उभारण्यात तिथे सरकारनेच पुढाकार घेतला होता. १८७९ मध्ये सरकारी रेल्वेने पहिली पार्सल तिकिटे काढली आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे नवनवे संच निघत राहिले. सरकारी असल्यामुळे त्यांना मोठ्या कॅटलॉगमध्ये रीतसर जागा मिळाली. बेल्जियमच्या अधिकृत कॅटलॉगमध्ये त्यांच्या क्रमांकाआधी ‘टीआर’ ही अक्षरे येतात, अमेरिकेच्या स्कॉट कॅटलॉगमध्ये ‘क्यू’. दोन्हींचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आपल्या वहीत दोन्ही लिहून ठेवावेत. वापरलेली साधी तिकिटे मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत, त्यामुळे हात बसवायला हे क्षेत्र उत्तम.

ब्रिटनमध्ये रेल्वे खासगी कंपन्यांच्या होत्या. टपाल खात्याची पार्सल सेवा तिथे १ ऑगस्ट १८८३ रोजी सुरू झाली. तोवर लहान पार्सलांचा मोठा धंदा रेल्वे कंपन्यांच्याच हातात होता. नव्या सेवेत रेल्वेने वाहून नेलेल्या पार्सलांच्या टपाल शुल्कातले ५५ टक्के कंपन्यांना देण्याचे ठरले. कंपन्यांनी आपली स्वतंत्र पार्सल सेवाही चालूच ठेवली. पार्सलासाठी वेगळी तिकिटे, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांसाठी वेगळी, असे त्यांचे प्रकार असत. ही तिकिटे बहुधा थेट पार्सलाच्या वेष्टनावर चिकटवली जात. वेष्टन फाडून फेकले की तिकीटही गेले. म्हणून ब्रिटिश पार्सल तिकीट मूळ वेष्टनाच्या तुकड्यासह मिळाले तर तो तुकडा कापून ‘नीटनेटका’ करण्याचा मोह टाळावा.

याच कंपन्यांनी १ फेब्रुवारी १८९१ पासून रेल्वे लेटर सेवा सुरू केली. पत्र थेट स्टेशनवर द्यायचे, ते पुढच्या गाडीने जायचे. पोहोचल्यावर कोणी स्टेशनवरून न्यायचे किंवा तिथून ते टपालपेटीत पडायचे. त्यासाठी रेल्वेचे २ पेन्सचे तिकीट आणि शिवाय टपाल खात्याचे नेहमीचे तिकीट, अशी दोन्ही लागत. त्या काळातल्या पाकिटावर टपालाचे १ पेनीचे जांभळट तिकीट आणि शेजारी रेल्वे कंपनीचे २ पेन्सचे, बहुधा हिरव्या छटेचे तिकीट असे जोडीने दिसते. असे पाकीट मिळाले तर दोन्ही तिकिटांवरचे शिक्के आणि तारखा जुळतात का ते पाहा. एका तिकिटाने रेल्वेचा हिशेब चुकता झाला, दुसऱ्याने टपालाचा. वेगळ्या केलेल्या दोन तिकिटांत हे नाते उरत नाही.

डेन्मार्कमध्ये लहान लहान खासगी रेल्वेंनी आपापली तिकिटे काढली. विषय गोड आहे, पण खोल आहे. तिकडे दुसऱ्या टप्प्यात वळावे.

कंपनीच्या नावावरून काळ ओळखा

तारीख न दिसणाऱ्या ब्रिटिश तिकिटाचा काळ ठरवायला दोन वर्षे लक्षात ठेवली तरी पुरतात. १९२३ मध्ये शंभराहून अधिक कंपन्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या: ग्रेट वेस्टर्न, लंडन मिडलंड अँड स्कॉटिश, लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न आणि सदर्न. १ जानेवारी १९४८ रोजी या चारही सरकारच्या ताब्यात जाऊन ब्रिटिश रेल्वे झाली. तिकिटावर ‘मिडलंड रेल्वे’ असेल तर छपाई १९२३ पूर्वीची. ‘ग्रेट वेस्टर्न’ हे नाव मात्र १९२३ च्या आधीही होते आणि नंतरही राहिले, म्हणून त्या तिकिटांचा काळ नुसत्या नावावरून ठरवू नये. शिवाय जुना साठा संपेपर्यंत वापरणे हा कचेऱ्यांचा नेहमीचा शिरस्ता. छपाईचा काळ आणि वापराचा काळ वेगळे नोंदवा.

बेल्जियममध्ये १९२६ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी राष्ट्रीय रेल्वे कंपनी स्थापन झाली. लंबगोलातला ‘बी’ हे तिचे बोधचिन्ह हेन्री व्हान द वेल्द यांनी १९३६ मध्ये रेखाटले. तिकिटावर ते चिन्ह दिसले तर तिकीट त्यानंतरचे.

बेल्जियमचे शिक्के वाचताना आणखी एक अडचण येते. एकाच गावाची दोन नावे असतात, एक फ्रेंच आणि एक डच. मेखेलेन म्हणजेच मालिन, अँटवर्पन म्हणजे अँव्हेर, लिएज म्हणजे लायक, मॉन्स म्हणजे बेर्गन, कोर्ट्रेक म्हणजे कुर्त्रे, टूर्ने म्हणजे डोर्निक. ही जोडनावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे एकच स्टेशन दोन वेगळ्या पानांवर जाणार नाही. शेजारी बेल्जियमचा जुना रेल्वे नकाशा ठेवला तर बारीक स्टेशनेही सापडतात.

एक संच जवळून

बेल्जियमचा १९४२ चा संच नवशिक्याने आवर्जून घ्यावा. त्या वेळी देश जर्मनीच्या ताब्यात होता. या तिकिटांवर रेल्वेतली माणसे आणि त्यांचे काम आहे: रूळ पक्के बसवणारा कामगार, थ्रॉटलवर हात ठेवून उभा इंजिनचालक, मालाच्या शेडचे आतले दृश्य, सिग्नल आणि विजेवरची गाडी. किमतींचा पल्ला मोठा असल्यामुळे चित्रे तीच आणि रंग वेगळे, असे पुष्कळ नमुने मिळतात. त्यानंतर १९४९ पासून निघालेल्या मालिकेत १८३५ पासूनची इंजिने काळाच्या क्रमाने येतात. माणसांचा संच आणि इंजिनांची मालिका समोरासमोर मांडली की रेल्वे स्वतःला कशी दाखवू इच्छित होती ते पाहणाऱ्याला आपोआप कळते.

आता अशा तिकिटांचा एखादा मालवाहतुकीचा कागद हाती आला असे समजा. तो या क्रमाने वाचावा. आधी पाठवणाऱ्या आणि पोहोचण्याच्या स्टेशनांची नावे. मग नगांची संख्या आणि वजन. त्यानंतर कागदावर लिहिलेले एकूण भाडे. मग कागदावरच्या सर्व तिकिटांच्या किमतींची बेरीज करा. बेरीज आणि भाडे जुळले तर कागद अस्सल आणि पूर्ण असण्याची शक्यता बरीच वाढते. बेरीज कमी पडली तर एखादे तिकीट गळून पडले आहे, जास्त झाली तर कोणी नंतर चिकटवलेले असू शकते. शेवटी शिक्का पाहा. तो तिकिटाची कड ओलांडून कागदावर उतरला आहे का? तिकिटावरची अर्धी अक्षरे कागदावरच्या अर्ध्या अक्षरांशी जुळतात का? जुळत असतील तर तिकीट त्याच कागदाचे. या सगळ्याला फार तर पाच मिनिटे लागतात, आणि त्यानंतरच किमतीविषयी बोलावे.

खरेदी करताना

साधने फार लागत नाहीत: सपाट टोकांचा चिमटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग, दाते मोजायची पट्टी, अल्ट्राव्हायोलेट दिवा आणि एक वही. दात्यांचे माप म्हणजे २ सेंटिमीटर लांबीत येणाऱ्या छिद्रांची संख्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळ कागदांत उजळपणासाठी रसायने घातली जातात. दिव्याखाली असा कागद निळसर पांढरा चमकतो. १८८० चे म्हणून विकायला ठेवलेले तिकीट असे चमकले तर व्यवहार तिथेच थांबवावा.

बेल्जियमच्या १९१५ च्या ओव्हरप्रिंट तिकिटांविषयी खास सावधगिरी हवी. साध्या टपाल तिकिटांवर रेल्वेची अक्षरे वरून छापून ती तयार केली होती, आणि अशा छपाईची नक्कल करणे सोपे असल्याने बनावट माल पुष्कळ फिरतो. त्यासाठी तीन गोष्टी तपासा. ओव्हरप्रिंट आधी आणि शिक्का नंतर, हा खरा क्रम. भिंगातून पाहिल्यावर ओव्हरप्रिंटची शाई शिक्क्याच्या शाईवर बसलेली दिसली तर तिकीट संशयास्पद. शिक्का रेल्वे स्टेशनचा नसून टपाल कचेरीचा असेल तरी तेच. आणि शिक्क्यावरची तारीख ओव्हरप्रिंट निघण्याआधीची असेल तर पुढे पाहण्याची गरजच नाही. महागडे तिकीट तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नये.

कोरी तिकिटे घेताना डिंक नीट पाहा. स्टेशनवर पुष्कळदा शिक्क्याऐवजी रंगीत खडू किंवा पेनाच्या रेघेने तिकीट रद्द केले जाई. ती रेघ धुऊन, मागे नवा डिंक लावून तिकीट ‘कोरे’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. नव्याने लावलेला डिंक दात्यांच्या टोकांपर्यंत पसरतो आणि ती टोके बोटाला कडक लागतात. तिरप्या प्रकाशात धुतलेल्या रेघेचा खळगाही दिसतो.

आणखी एक गोष्ट. वेल्समधली टॅलिलिन रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवली आणि तिने १९५७ मध्ये रेल्वे लेटर तिकिटे पुन्हा सुरू केली. त्यानंतर इतर वारसा रेल्वेंनीही तसे केले. ही तिकिटे खरीच आहेत, पण त्यांतली बरीच संग्राहक आणि पर्यटकांना नजरेसमोर ठेवून निघाली. त्यांना वेगळे पान द्या आणि ‘जुनी’ म्हणून जास्त पैसे मोजू नका.

कॅटलॉगमधली किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. साधी वापरलेली तिकिटे एकेक करून घेण्यापेक्षा न निवडलेला गठ्ठा घ्यावा, तो स्वस्त पडतो आणि शिक्के शोधायची मजाही मिळते. परदेशी लिलावातून घेताना दोन्ही बाजूंचे फोटो मागा, परतीची अट लेखी घ्या आणि पाकिटावर खरे वर्णन व खरी किंमत लिहायला सांगा. सीमाशुल्क आणि टपालखर्च धरूनच आपली बोली ठरवावी. ब्रिटनमधल्या रेल्वे फिलाटेलिक ग्रुप या १९६६ पासून काम करणाऱ्या संस्थेचे ‘रेल्वे फिलाटेली’ हे नियतकालिक अभ्यासासाठी उपयोगी आहे. खरेदीच्या पैशांतला काही भाग पुस्तके आणि नियतकालिकांवर खर्च झाला तर तो वाया जात नाही.

पाण्यात टाकण्याआधी

टपाल तिकीट कागदावरून सोडवायला पाण्यात टाकायची आपल्याला सवय असते. इथे ती सवय आवरा. स्टेशनच्या रबरी शिक्क्यांची जांभळी शाई पाण्याने पसरते. त्या काळी कचेऱ्यांत सर्रास वापरली जाणारी कॉपिंग पेन्सिल कोरडी असताना करडी दिसते आणि ओली झाली की गडद जांभळी होऊन कागदभर उतरते. तिकीट कागदाच्या तुकड्यावर असेल तर ते तसेच राहू द्या. अगदी सोडवायचेच असेल तर आधी शिक्क्याच्या टोकाला ओलसर टिपकागद लावून रंग उतरतो का ते पाहा.

मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. पावसाळ्यात कोऱ्या तिकिटांचा डिंक मऊ होऊन ती पानाला चिकटतात, जुन्या कागदावर तपकिरी डाग येतात आणि कसर लागते. स्टॉकबुक आडवी रचून ठेवू नका, उभी ठेवा, म्हणजे पानांवर वजन येत नाही. दोन पानांमध्ये ग्लासिन कागद असावा. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि ते ओलावा शोषून रंग बदलेल तसे बदलत राहा. अल्बम बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नये. पीव्हीसीच्या स्वस्त पिशव्या कालांतराने तेलकट होतात आणि छपाई खराब करतात, म्हणून पॉलिस्टरचे कव्हर घ्या. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन यांना संग्रहात थारा देऊ नये. पावसाळा संपला की एका कोरड्या दिवशी पाने उघडून हवा द्या, पण उन्हात ठेवू नका.

पान कसे मांडावे

प्रत्येक नगाखाली चार ओळी पुरेत: रेल्वेचे नाव, स्टेशन आणि तारीख, भाडे कशाचे, आणि तो नग संग्रहात का आहे. चौथी ओळ लिहिता आली नाही तर तो नग बहुधा बाजूला काढण्यासारखा आहे. सजावट, रंगीत चौकटी, इंजिनांची चित्रे यांनी पान भरू नये. खरेदीची तारीख, किंमत आणि कोणाकडून घेतले याची नोंद वेगळ्या वहीत करा. पुढे विकायची किंवा वारसांना द्यायची वेळ आली की तीच कामी येते. पानांचे फोटो काढून दुसऱ्या जागी ठेवावेत.

प्रदर्शनात भाग घ्यायचा असेल तर आधी आयोजकांना विभाग विचारा. रेल्वेची तिकिटे टपालाची नसल्यामुळे नेहमीच्या टपाल विभागात ती बसतीलच असे नाही. महाराष्ट्राच्या महापेक्स प्रदर्शनांना केवळ प्रेक्षक म्हणून गेलात तरी चांगली पाने कशी लिहितात हे शिकायला मिळते.

आपल्या दारातली रेल्वे

आपल्याकडे पार्सलाचा कारभार मुख्यतः पावतीवर, म्हणजे बिल्टीवर चालत आला. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर अशा बिल्ट्या तारेत ओवून ठेवलेल्या असत. परदेशी तिकिटांच्या संग्रहाला जोड म्हणून हे कागद जमवण्यासारखे आहेत आणि खर्चही कमी. वाचण्याची रीत तीच: स्टेशने, नग, वजन, भाडे, शिक्का. काळ ओळखायचे सूत्रही तेच. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने चालवली, ती ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. त्याच दिवशी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे पश्चिम रेल्वेत गेली. बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने घेतली. बिल्टीच्या माथ्यावर यांपैकी कोणाचे नाव छापले आहे ते पाहिले की फॉर्म कधीच्या छपाईचा याचा अंदाज बांधता येतो.

सुरुवातीच्या वर्षासाठी एवढेच ठरवा: एक देश, एक काळ आणि शक्य तर एकच रेल्वेमार्ग. ब्रुसेल्स ते अँटवर्प मार्गावरच्या स्टेशनांचे वाचता येणारे शिक्के मिळवणे हे साध्या पगारदार माणसाला झेपणारे काम आहे. दहा देशांच्या शंभर सुट्या तिकिटांपेक्षा असा छोटा संग्रह अधिक बोलका होतो. आणि तुमच्या घरी किंवा ओळखीत जुनी पेढी, अडत किंवा किराणा दुकान असेल, तर तिथले जुने कागद रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा चाळून पाहा. रेल्वेच्या बिल्ट्या निघाल्या तर त्या सुटसुटीत करायला जाऊ नका, गठ्ठा होता तसाच ठेवा.